साडूंचं नेटचं मीटर

जगात जे जे वाहतं ते ते कुठेतरी चोरीला जातंच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा निघाला. पाणी, वीज, दूध, गॅस, तेल, इतकंच काय, बायकांच्या गप्पासुद्धा त्यांच्या मते कुठूनतरी गळत असतात आणि कोणीतरी खाली भांडं लावून बसलेलं असतं. आमचे साडू वीज खात्यात मीटर रीडर होते. सदतीस वर्षं त्यांनी भिवंडीच्या गल्ल्यागल्ल्यांतून लोकांच्या जिन्याखालच्या अंधाऱ्या पेट्यांत टॉर्च मारून आकडे वाचले. नोकरी संपली, पण टॉर्च खिशातून गेली नाही आणि पेन्सिल कानावरून उतरली नाही. गॅसच्या टाकीला ओलं फडकं फिरवून ते कुठपर्यंत सुकतं ते बघतात आणि तिथे खडूने रेघ मारतात. तेलाच्या बाटलीवर रोज संध्याकाळी पेन्सिलीची खूण. एकदा मेहुणीने भजी तळली तेव्हा खूण दोन बोटं खाली गेली. साडूंनी बाटली उजेडात धरून विचारलं, "आज दोन बोटं?" मेहुणी म्हणाली, "एक बोट भज्यांत गेलं. एक तुमच्या डोल्यात घालायला ठेवलंय."

मी निजामपुऱ्यातल्या एका यंत्रमागांच्या शेडमध्ये जॉबर होतो, म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारा. शिकलो सातवीपर्यंत. साडू महिन्यातून एकदा आमच्या शेडमध्ये रीडिंगला यायचे. रविवारी आम्ही एका ताटात जेवलेले असायचो, पण सोमवारी शेडमध्ये ते मला ओळख द्यायचे नाहीत. आधी पेटीचं सील तपासायचे. मग काच रुमालाने पुसायचे. मग टॉर्च मारून आकडा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मोठ्याने वाचायचे. तो वहीत उतरला की मग, जणू आत्ताच दारातून आलोय अशा थाटात, माझ्याकडे वळून म्हणायचे, "जय भीम साडूभाऊ, कसं काय?" मी म्हणायचो, "कधीचा इथे उभा आहे. मरून पडलो असतो तरी आधी रीडिंग घेतलं असतं तुम्ही." "घेतलंच असतं," ते म्हणायचे, आणि मग चहा प्यायचे. आकडा लिहायच्या आधी चहा नाही, आणि दुसऱ्याने सांगितलेला आकडा तर कधीच नाही. "लोकांच्या तोंडचं रीडिंग म्हणजे उष्टं," असं त्यांचं म्हणणं.

एका वर्षी वस्तीतल्या पोरांनी भीमजयंतीच्या मंडपाला सरळ खांबावरून तार टाकली. साडू स्वतः त्या मंडळात. सकाळी मंडपात आले, वर बघितलं, शिडी मागवली आणि स्वतःच्या हाताने तार उतरवली. पोरांनी शिव्या घातल्या, म्हातारे तोंड फिरवून बसले. साडू ऑफिसात जाऊन दिवसभर रांगेत उभे राहिले आणि दिवेलागणीला काखेत मीटर मारून परत आले. "बापाच्या नावाचा मंडप चोरीच्या उजेडात नाही उभा करायचा," एवढंच बोलले. मंडप उजळला, पण त्या वर्षी त्यांच्याशी कोणी धड बोललं नाही. माझी बायको तेवढी हसायची त्यांना. म्हणायची, "या माणसाला विहारात ध्यानाला बसवू नका. श्वास किती घेतले, किती सोडले ते मोजील, आणि फरक कुठे गेला म्हणून भंतेजींना विचारील."

ती दवाखान्यात होती तेव्हा हा माणूस तीन दिवस तिच्या सलाईनचे थेंब मोजत स्टुलावर बसला होता. मिनिटाला किती पडतात ते मनगटावरच्या घड्याळात बघायचा आणि एखादा थेंब कमी पडला तर नर्सला उठवायचा. नर्स वैतागली होती. मी नाही वैतागलो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मोज बाबा, तूच मोज, मला बघवत नाही.

आम्ही राहतो एकाच घरात. खाली मी, वर साडू आणि मेहुणी. दोघी बहिणींनी लांब राहायचं नाही म्हणून हट्ट केला होता, त्याचं हे फळ. आता एक बहीण उरली आहे आणि दोन साडू.

अंबाडीच्या रस्त्यावरच्या एका गोदामाचं ऑफिस बंद झालं, तेव्हा तिथला कॉम्प्युटर साडूंनी भंगारवाल्याकडून घेतला आणि रिक्षात मांडीवर बसवून आणला. त्यावर फुकटात मिळणारी लिनक्स नावाची सिस्टीम कोणाकडून तरी भरून घेतली. वय सहासष्ट. इंग्रजी मीटरच्या पाटीवर असतं तेवढं. नेटचं डोंगल त्या कॉम्प्युटरला खोचलं, आणि कॉम्प्युटर ते नेट वायफाय करून दोन्ही मजल्यांना वाटू लागला. साडू खूश. आणि महिना संपायच्या दहा दिवस आधी नेट संपलं. महिन्याचं ठरलेलं नेट संपलं की उरलेले दिवस ते गोगलगाईसारखं चालतं. मेहुणीच्या मालिकेतली सासू तोंड उघडून अर्धा अर्धा तास तशीच राहायची. मेहुणी म्हणाली, तुमचा तो खोकाच खातोय. साडूंनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, चोरी आहे."

नेट कोण किती खातं ते मोजायला त्यांनी एक शेल स्क्रिप्ट लिहायला घेतली. म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी. एकदा लिहून ठेवली की तो दर तासाला तेवढे हुकूम पाळतो आणि रीडिंग लिहून ठेवतो. सांगायला सोपं. साडूंना पहिली ओळच तीन दिवस चालेना. ते एका बोटाने टाईप करायचे, दोन शब्दांत आणि बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना व्यवस्थित जागा सोडायचे, कारण रीडिंगच्या वहीत त्यांनी जन्मभर तशीच जागा सोडली होती. मशीन म्हणायचं, कमांड नॉट फाउंड. "सापडली नाही म्हणतो," साडू पडद्यावर टॉर्च मारून ओरडायचे, "तुझ्या तोंडासमोर लिहिली आहे ना, आंधळा आहेस का?" उजेडात असलेल्या पडद्यावर टॉर्च मारणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. शेवटी कळलं की त्या चिन्हाला दोन्हीकडून चिकटून लिहावं लागतं, जागा अजिबात चालत नाही. साडूंना ते फार लागलं. "एवढी गिचमिड तर आमच्या शिपायानेही केली नसती," म्हणाले.

मग स्क्रिप्ट पूर्ण झाली तर मशीन म्हणालं, परमिशन डिनाईड. साडू खुर्चीवरून उठले. "सदतीस वर्षं मी लोकांच्या घरात न विचारता शिरलो. पहिलवानांच्या घरात शिरलो. नगरसेवकांच्या शिरलो. आणि माझ्या घरात, माझ्या टेबलावर, हा मला परवानगी नाही म्हणतो?" मेहुणी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो वलखतो तुमाला." त्या फाईलला चालायची परवानगी वेगळी द्यावी लागते, हे शोधण्यात आणखी दोन दिवस गेले. मी शेजारी बसून सगळं बघत होतो. मला त्यातलं एकच चिन्ह आवडलं होतं: दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. ताण्यावर बाणा टाकल्यासारखं दिसतं. साडू म्हणाले, "ज्या ओळीच्या आधी हे असतं ती ओळ मशीन वाचत नाही. ती माणसाने माणसासाठी लिहिलेली असते."

मी शेजारी का बसत होतो, ते आता सांगायला हवं. मला ती स्क्रिप्ट चालायला नको होती.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. आईच्या फोनचं काय केलं असं सासरी असलेल्या मुलीने विचारलं तेव्हा बंद करून ठेवला म्हणून मी सांगितलं होतं. खोटं होतं ते. फोन भिंतीतल्या कपाटात, तिच्या घडी घातलेल्या साड्यांवर, चार्जरला लावलेला होता. कपाटाच्या फटीतून वायर आत गेलेली. सिम कधीच मेलं होतं, पण घरातलं वायफाय त्याला मिळत होतं, आणि विहाराच्या महिला मंडळातल्या बायका अजून तिला मेसेज पाठवत होत्या. त्यांच्या ग्रुपमधून तिचं नाव काढायला कोणाचा हात धजला नव्हता. सकाळी सहापासून टिंग टिंग सुरू व्हायचं. जय भीम, शुभ सकाळ. कमळं, दिवे, गाण्यांचे लांबलचक व्हिडिओ. मला तो फोन उघडता येत नव्हता; तिने बोटाने काढायची कसलीशी नक्षी कुलूप म्हणून लावली होती आणि ती मला सांगायची राहून गेली. पण काचेवर नावं दिसायची. तिच्या बहिणीचंही नाव रोज असायचं. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर, शुभ सकाळ ताई. ज्या माणसाला सकाळी वीस बायका शुभ सकाळ म्हणतात, तो माणूस गेला असं कसं धरायचं? मी धरत नव्हतो, बस.

कोपऱ्यावरच्या मोबाईल रिपेअरवाल्याला मी फोन न दाखवता विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "चाचा, इसको बंद मत होने देना. एक बार बंद हुआ तो पैटर्न डाले बिना कुछ नहीं दिखाएगा. और घर के वायफाय का पासवर्ड मत बदलना. नया डालने के लिए भी लॉक खोलना पड़ेगा." कुलूप तोडता येईल का, म्हटलं. "टूट जाएगा. पर अंदर का सब साफ." तेव्हापासून वीज गेली की मी आधी कपाट उघडून काच उजळते का ते बघायचो. फोनचा आवाज बंद करता आला असता, बाजूचं बटण मला माहीत होतं. पण मग ती मुकी झाली असती. शिवाय आमच्या गल्लीत दिवसभर लूमची खडखड. कपाटातलं टिंग माझ्याशिवाय कोणाला ऐकू जाणार?

साडूंना सांगून टाकावं असं कितीदा मनात आलं. पण ज्या माणसाने बापाच्या मंडपाची तार उतरवली, तो माझ्या कपाटातली ठेवील?

स्क्रिप्ट चालू झाली आणि दोन दिवस बरी चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी साडूंची हाक आली. आवाज असा, की मी चप्पल न घालता वर धावलो. साडू पडद्यासमोर पांढरे पडून बसले होते. आजच्या खर्चाच्या जागी आकडा होता आणि आकड्याच्या आधी आडवी रेघ.

"उणे," साडू म्हणाले. "साडूभाऊ, उणे आलंय. नेट आपण वापरलं नाही, उलट परत दिलं, असं म्हणतोय हा." त्यांनी रुमालाने पडदा पुसला, टॉर्च मारली, आकडा डावीकडून वाचला, उजवीकडून वाचला. रेघ गेली नाही. "सदतीस वर्षांत मी उणे रीडिंग पाहिलं नाही. मीटर मंद करतात, मीटर बंद करतात, पण उलटं फिरवणारा चोर म्हणजे साधा चोर नाही." त्या दिवशी ते जेवले नाहीत. समोरच्या भाडेकरूकडे, गल्लीतल्या पोरांकडे, मेहुणीच्या फोनकडे ते एकाच नजरेने बघू लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उणे. मेहुणी म्हणाली, "त्या खोक्याला भंगारात द्या, न्हायतर मी देते. काय शोधतासा? ऱ्हावद्या गेलं तर." ती असं इतक्या कळकळीने म्हणाली की मला नवल वाटलं. चार घास नेट गेलं तर हिच्याच मालिकेची सासू अडकत होती.

साडू ऐकेनात. त्यांनी जिन्याच्या भिंतीवर कागद चिकटवला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चोर सापडला नाही, तर वायफायचा पासवर्ड बदलण्यात येईल. नवीन पासवर्ड ज्याचा त्याला चिठ्ठीवर मिळेल.

तो कागद मी जिन्यात उभा राहून वाचला. सात-आठ वेळा वाचला असेल. चिठ्ठी मला मिळणार, मेहुणीला मिळणार. कपाटातलीला चिठ्ठीचा काय उपयोग?

आणि गंमत अशी की उणे का येतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. विजेचं मीटर कधी शून्यावर येत नाही. ते पुढेच जातं, आजच्या रीडिंगमधून कालचं वजा केलं की झालं. साडूंनी जन्मभर तेच केलं, आणि स्क्रिप्टलाही तेच शिकवलं. पण आमच्या लूमचं कापड मोजणारं काउंटर तसं नव्हतं. पाळी बदलली की येणारा कारागीर चावी फिरवून ते शून्यावर आणायचा. म्हणून जाणारा आधी लूमच्या लोखंडावर खडूने आपला आकडा लिहून जायचा. जो विसरला, त्याचं विणलेलं कापड गेलं. साडूंचा कॉम्प्युटर लूमच्या जातीचा होता. वीज गेली, तो बंद पडला, परत चालू झाला की त्याचं मोजणं शून्यापासून. तिसऱ्या दिवसापासून दुपारी आमच्याकडे वीज जाऊ लागली होती. म्हणजे चोर कोणी नव्हता, पाळी बदलत होती.

हे सांगावं, तर स्क्रिप्ट बरोबर होणार आणि मोजत मोजत माझ्या कपाटापर्यंत येणार. न सांगावं, तर शुक्रवारी पासवर्ड बदलणार. दोन्हीकडून ती जात होती. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी वर गेलो तर साडू कॉम्प्युटरसमोर नुसते बसले होते. टॉर्च टेबलावर पडलेली, पेन्सिल कानावर नाही. मला म्हणाले, "साडूभाऊ, मला आता वाचता येत नाही बहुतेक. त्या दवाखान्यातही मी मोजत होतो. बरोबर मोजत होतो. तरी चुकलंच ना कुठेतरी?"

मला राग आला. कशाचा ते माहीत नाही. मी म्हणालो, "अक्कल आहे का तुम्हाला? थेंब बरोबरच मोजलेत तुम्ही. आणि हेही बरोबरच मोजलंय. मशीन मरून परत उठतं आणि शून्यापासून सुरू करतं, एवढंच." लूमचं काउंटर सांगितलं, खडू सांगितला. साडू माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच पेन्सिल शोधून कानावर ठेवली. "म्हणजे नवं रीडिंग जुन्यापेक्षा कमी आलं," ते म्हणाले, "तर वजा करायचं नाही. पाळी बदलली समजायचं, आणि नवं तेवढं मिळवायचं." "हां," मी म्हटलं. सांगून मी जिना उतरलो. मी मनाशी ठरवलं होतं. कपाटाशी आला तर दारात आडवा होईन, भांडेन. पासवर्डशी कुठे भांडता येतं?

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद. गल्ली अशी चिडीचूप होते की शेजारच्या घरात फोडणी पडली तर ऐकू येते. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सकाळी कपाटातून पहिलं टिंग आलं आणि मी अंथरुणात उठून बसलो. एवढा मोठा आवाज होता त्याचा? उठून कपाटाच्या फटीत टॉवेल कोंबला.

संध्याकाळी चारला साडूंनी मोहीम काढली. स्क्रिप्ट आता शहाण्यासारखी चालत होती, आणि तिने पाच मशीनं दाखवली. साडूंचा फोन, मेहुणीचा फोन, टीव्ही, माझा फोन. पाचव्याला नाव नव्हतं, नुसता लांबलचक नंबर, आणि सगळ्यांत जास्त तेच खात होतं. साडूंनी जुनी पद्धत काढली. घरातलं एकेक बटण बंद करत जायचं. सगळं बंद झालं आणि तरी मीटरचं चाक फिरत राहिलं, तर गळती भिंतीत आहे. मेहुणीला त्यांनी पडद्यासमोर बसवलं. "हा आकडा हलतोय तोवर 'हलतोय' म्हणून ओरडत राहा." त्यांनी स्वतःचा फोन बंद केला. "हलतोय!" तिचा बंद केला. "हलतोय!" टीव्हीचा प्लग काढला. "हलतोय!" मग जिना उतरून खाली माझ्या खोलीत आले. मी कपाटाला पाठ लावून उभा होतो. "तुमचा बंद करा, साडूभाऊ." मी माझा फोन बंद केला.

"हलतोय का?" साडूंनी वर तोंड करून विचारलं.

वरून उत्तर आलं नाही.

साडूंनी खिशातून टॉर्च काढली. खोलीच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मीटर रीडरची नजर माणसाकडे बघत नाही, वायरीकडे बघते. टॉर्चचा गोल भिंतीवरून सरकत प्लगवर आला. प्लगमधून वायर निघाली होती. गोल वायरीवरून चालू लागला. फळीखालून, खुंटीवरून, माझ्या खांद्याजवळून, टॉवेलपर्यंत. तिथे थांबला. मी बोलायला तोंड उघडलं, पण सगळं ठरवलेलं भांडण कुठे गेलं कोण जाणे. आणि त्या मेल्या शांततेत, माझ्या पाठीमागे, टॉवेलाच्या आतून, आवाज आला.

टिंग.

साडू जागचे हलले नाहीत. आणि त्याच वेळी वरून मेहुणी ओरडली, "थांबला ओ! थांबला आकडा! बंद झाला! वर या तुमी!"

आवाज नुकताच आला होता. आम्ही दोघांनी ऐकला होता. आकडा थांबणं शक्यच नव्हतं. ज्याने जन्मात दुसऱ्याच्या तोंडचं रीडिंग घेतलं नाही, तो माणूस माझ्यापासून चार हातांवर उभा होता. त्याने टॉवेलकडे बघितलं. टॉवेलाच्या फटीतून बारीकसा उजेड येत होता, काच उजळली की येतो तसा. मग त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

आणि टॉर्च विझवली.

"थांबला ना?" साडू वर तोंड करून म्हणाले. आवाज जरा बसला होता. "मग लिही. थांबला म्हणून लिही."

जाताना दारात थबकले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो टॉवेल काढा. आत गरम होत असेल."

जिन्यातला कागद त्यांनी जाता जाताच फाडला. पासवर्ड तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी मेहुणी भाकरी घेऊन खाली आली. ताट ठेवलं आणि पदराला हात पुसत उभी राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "मी रोज ताईला पाठवते, त्याला दोन टिका येतात. पोचल्याच्या. मला पैल्या दिसापासून ठावं हाय." मग जरा रागानेच म्हणाली, "म्हणून तर सांगत होते त्या येड्याला, खोका भंगारात दे." आणि भाकरी निवते म्हणून ओरडून निघून गेली.

आमचं नेट अजूनही महिना संपायच्या आधी संपतं. साडू आता बातम्या फोनवर बघत नाहीत, विहारात जाऊन पेपर वाचतात. मालिकेतली सासू अडकली की मेहुणी तिला शिव्या देते, साडूंना नाही. कॉम्प्युटरला साडूंनी कुठून तरी जुनी बॅटरी आणून जोडली, दुपारी वीज गेली तरी तो बंद पडत नाही. रोज संध्याकाळी जिन्याच्या भिंतीवर कागद लागतो: चार नावं, चार आकडे, खाली एकूण. चारांची बेरीज एकूणाशी कधीच जुळत नाही. तेलाच्या एका बोटासाठी घर डोक्यावर घेणारा माणूस त्या कागदाखाली सही करतो.

मागच्या शुक्रवारी त्यांनी मला वर बोलावलं आणि स्क्रिप्ट दाखवली. इंग्रजी मला वाचता येत नाही. पण मधेच एक ओळ मराठीत होती. आधी ती ताण्याबाण्याची खूण, आणि पुढे एका बोटाने टाईप केलेले, नीट जागा सोडलेले तीन शब्द.

ताई. मोजू नये.

मी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "ही ओळ मशीन वाचत नाही ना?"

"नाही," साडू म्हणाले. "ती आपल्यासाठी."

लूम बंद होते. खाली, माझ्या कपाटात, टिंग झालं. आम्ही दोघांनी ऐकलं, आणि दोघांपैकी कोणीही पडद्याकडे बघितलं नाही.